विरत जाणारी कड: लेयर मास्कनं दोन फोटो एकमेकांत मिसळताना

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते आणि ती संपली की माझ्याकडे एकाच प्रकारचं काम येऊ लागतं. घरातला कुणीतरी पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मिरवणुकीत चाललेला असतो. तो फोटो डावीकडे हवा, उजवीकडे तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर हवं, वर जमलं तर होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम हवं, आणि सगळं मिळून एकच लांब फ्रेम. फोटो एकाशेजारी एक चिकटवलेले दिसायला नकोत, एकातून दुसरा उगवल्यासारखा वाटला पाहिजे. लग्नाच्या अल्बममधली शीटसुद्धा याच पद्धतीनं बनते.

फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममध्ये फोटो एकावर एक थरांत ठेवता येतात. त्या थराला लेयर म्हणतात, आणि हे काम लेयर मास्कचं आहे. मास्क लावायला दहा सेकंद पुरतात, पण कड न दिसता फेड करणं, म्हणजे फोटो हळूहळू विरवत नेणं, शिकायला मला बरीच वर्षं लागली. दुरुस्तीला येणाऱ्या शीटमध्येही बहुतेक वेळा तोच दोष असतो: फेड केलेला आहे, पण जिथं तो संपतो तिथं उभी रेघ दिसते, नाहीतर मधोमध फिकट पट्टा पडलेला असतो. म्हणून इथं बटणांपेक्षा त्या रेघेबद्दल आणि त्या पट्ट्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

इरेजर का नको

फोटोची कड विरवायचा सोपा वाटणारा रस्ता म्हणजे मऊ इरेजर. मीही सुरुवातीला तेच केलं. मिरवणुकीतल्या एका गृहस्थांच्या फोटोची उजवी बाजू इरेजरनं पुसली, शीट सुंदर झाली, जेपीईजी करून दिली. मूळ फोटो जागा व्हावी म्हणून काढून टाकले. दोन वर्षांनी त्यांचा मुलगा आला. वडील गेले होते. "काका, बाबांचा तो पूर्ण फोटो असेल ना तुमच्याकडे?" माझ्याकडे होता तो अर्धा पुसलेला. खांद्यापलीकडे त्यांचा हात नव्हता. तो हात मी पुसला होता आणि आता तो कुठूनही परत आणता येणार नव्हता.

इरेजर पिक्सेल काढून टाकतो, मास्क फक्त झाकतो. मास्कखाली फोटो पूर्ण शाबूत असतो. आज झाकलेला हात दहा वर्षांनी उघडता येतो, फक्त लेयरसकट फाईल जपलेली हवी.

मास्क म्हणजे नेमकं काय

सोलापूरच्या वाचकाला हे समजावायला जॅकार्डच्या पत्त्यांसारखं दुसरं उदाहरण नाही. चादरीवर नक्षी उठते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांमुळे. पत्ता चादरीत कुठंच दिसत नाही, पण कुठला धागा वर यायचा आणि कुठला खाली राहायचा ते तोच ठरवतो. मास्कही तसाच, चित्रात न दिसणारा. तो काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांचा एक नकाशा असतो. जिथं पांढरं तिथं वरचा फोटो दिसतो, जिथं काळं तिथं तो झाकला जाऊन खालचा दिसतो.

फरक एवढाच, की पत्त्यात भोक असतं किंवा नसतं. मास्कमध्ये ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा, आणि त्या दोघांच्या मध्ये करड्याच्या २५४ छटा. मधला १२८ चा करडा म्हणजे वरचा फोटो साधारण निम्मा आणि खालचा निम्मा. फेड म्हणजे मास्कवर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत हळूहळू उतरत गेलेला करडा रंग, बाकी काही नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक चूक मास्ककडे बघून ओळखता येते.

आधी मापं

अल्बमची नेहमीची शीट १२ × ३६ इंचांची धरू. ३०० पिक्सेल प्रति इंच या हिशोबानं ती १०,८०० × ३,६०० पिक्सेलची होते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ६,००० × ४,००० असतो. तो १२ इंच उंचीत बरोबर बसवला तर रुंदी येते १८ इंच. म्हणजे असे दोन फोटो शेजारी ठेवले की शीट काठोकाठ भरते आणि एकावर एक यायला एक पिक्सेलही उरत नाही. फेड करायला जागाच नाही.

फेडला ओव्हरलॅप लागतो. हे आधी लक्षात न घेता मास्क लावला तर विरणाऱ्या कडेखाली दुसरा फोटो नसतोच, पांढरा कागद दिसतो. म्हणून दोन्ही फोटो लहान न करता १०० टक्के मापात ठेवा. उंचीतले ४०० पिक्सेल वरखाली शीटबाहेर जातील, जाऊ द्या. फक्त डोक्यावरची टोपी आणि मंदिराचा कळस कापला जात नाही ना ते बघा. आता डावा फोटो शीटच्या डाव्या कडेपासून ६,००० पिक्सेलपर्यंत जातो आणि उजवा ४,८०० पासून सुरू होतो. मध्ये १,२०० पिक्सेल, म्हणजे ४ इंच, दोघांच्या वाट्याला आले. अल्बमची घडी ५,४०० वर पडते, ती बरोबर या चार इंचांच्या मध्यावर. घडीवर चेहरा येऊ नये असं आपण म्हणतोच. इथं घडीवर फक्त फेड येतो.

फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि आर दाबून पट्टी चालू करा आणि १६ इंचांवर एक, २० इंचांवर एक अशा दोन उभ्या गाइड ओढा. सगळा फेड या दोन रेघांच्या आतच झाला पाहिजे.

मास्क लावून ग्रेडियंट ओढणं

मंदिराचा फोटो खाली, मिरवणुकीचा वर. वरच्या लेयरवर क्लिक करून लेयर पॅनेलच्या तळाशी असलेलं मास्कचं बटण दाबा, म्हणजे चौकटीत गोल असलेलं. लेयरच्या छोट्या चित्राशेजारी एक पांढरा चौकोन येईल. हाच मास्क. पांढरा आहे म्हणून अजून काही बदललेलं दिसत नाही.

आता त्या पांढऱ्या चौकोनावर क्लिक करा आणि त्याच्याभोवती चौकट आली का ते बघा. ही एक गोष्ट विसरली की फोटोवरच काळा-पांढरा रंग सांडतो. शिकाऊ पोरांच्या हातून सर्वांत जास्त वेळा हेच होतं. असं झालं तर कंट्रोल आणि झेड दाबून मागे या, मास्कवर क्लिक करा, पुन्हा सुरू करा.

डी दाबा. मास्क निवडलेला असताना पुढचा रंग पांढरा आणि मागचा काळा होतो. जी दाबून ग्रेडियंट टूल घ्या. नव्या आवृत्त्यांत वरच्या पट्टीत क्लासिक ग्रेडियंट असा पर्याय दिसतो, तो निवडलेला बरा. प्रकार सरळ रेषेचा, म्हणजे लीनियर. डिथरची खूण असू द्या, तिचं काम पुढे येईल.

शिफ्ट धरून ठेवा म्हणजे रेघ तिरकी जाणार नाही. सव्वासोळा इंचांच्या आसपास माउस दाबा आणि साडेएकोणिसापाशी सोडा. सुरुवात जिथून केली तिथं पांढरं, सोडलं तिथं काळं. मिरवणूक हळूहळू विरत तळ्याच्या पाण्यात जाईल.

इथं एक गोष्ट मनात पक्की करा, कारण रेघ दिसण्याचं मूळ इथंच आहे. वरचा फोटो २० इंचांवर संपतो. तुम्ही माउस एकविसाव्या इंचावर सोडला तर २० वर मास्क अजून पूर्ण काळा झालेला नसतो, थोडा करडा असतो. म्हणजे फोटोचा बारीकसा अंश शेवटपर्यंत दिसत राहतो आणि २० वर एकदम तुटतो. तीच ती उभी रेघ. स्क्रीनवर ती सहज नजरेला पडत नाही, छापून आल्यावर मात्र लपत नाही. काळा रंग फोटोची कड यायच्या आधी पूर्ण झाला पाहिजे. मी नेहमी १०० ते १५० पिक्सेल आधी संपवतो. उलट बाजूला, १६ इंचांच्या अलीकडून ओढायला सुरुवात केली तर तिथं खाली मंदिराचा फोटोच नसतो, आणि कागदाचा पांढरेपणा वर येतो.

दुसरा दोष तो फिकट पट्टा. तो येतो दोन्ही फोटोंना मास्क लावल्यामुळे. वाटतं की दोघांनाही विरवलं तर जास्त मऊ होईल. पण मध्यावर वरचा फोटो निम्मा दिसतो, उरलेल्या निम्म्यात खालचाही निम्माच दिसतो, आणि बाकीचा पाव भाग पांढऱ्या कागदाचा. तो २५ टक्के पांढरेपणा म्हणजे तुमचा पट्टा. खालच्या फोटोचा मास्क काढून टाका. दोन फोटो मिसळायला एकच मास्क लागतो आणि तो वरच्याला.

माणूस विरता कामा नये

ग्रेडियंट आंधळा असतो. त्याला चार इंच सांगितले की तो चार इंच पांढऱ्याकडून काळ्याकडे जातो, मध्ये कुणाचा हात आहे, कुणाची बाराबंदी आहे हे त्याला कळत नाही. म्हणून ग्रेडियंट झाल्यावर ब्रशचं काम सुरू होतं, आणि माझ्या मते खरं काम तेच.

बाराबंदीचं बघा. पांढरं कापड, आणि खाली संध्याकाळचं निळसर पाणी. कापड जिथं निम्मं विरतं तिथं ते मळक्या करड्या रंगाचं दिसतं. अंगावरचे स्वच्छ पांढरे कपडे मळलेले दिसणं त्या घरच्या माणसांना चालणार नाही, आणि ते बरोबरच आहे. नंदीध्वजाच्या उंच काठीचंही तसंच. अर्धवट विरलेली काठी मोडल्यासारखी दिसते. ती पूर्ण तरी दिसू दे, नाहीतर पूर्ण झाकली जाऊ दे.

बी दाबून ब्रश घ्या. हार्डनेस ० टक्के, आकार ५०० ते ८०० पिक्सेल, फ्लो १० टक्क्यांच्या आसपास. ओपॅसिटी १०० राहू द्या आणि फ्लो कमी करा, कारण फ्लो कमी असला की एकाच ठिकाणी हात फिरवत राहिल्यावर रंग थराथरानं साचत जातो आणि ताबा राहतो. मास्क निवडलेला असताना पांढऱ्या रंगानं माणसाच्या बाहेरच्या कडेपर्यंत हळूहळू हात फिरवा. तो परत भरीव होईल. एक्स दाबला की रंग काळा होतो. त्यानं माणसाच्या पलीकडची गर्दी, भिंत, मोकळी हवा झाका. फेड राहू द्यायचा तो पाणी, आकाश, धूळ, भिंत अशा शांत जागांत. चेहरा, हात, दागिना, अक्षरं यांतून तो गेला की खालचं चित्र त्यांच्यातून डोकावतं आणि माणूस भुतासारखा दिसतो.

माणसाची कड फार जवळून कोरली तर मात्र कात्रीनं कापल्यासारखं दिसतं. कडेभोवती थोडी मूळ हवा राहू द्या. नेमकी किती ते फोटोवर अवलंबून आहे. मी ब्रशचा आकार खांद्याच्या रुंदीइतका ठेवून सुरुवात करतो आणि कानाजवळ लहान करतो.

रंग जुळत नसतील तर

मिरवणूक दुपारच्या पिवळ्या उन्हातली आणि मंदिर संध्याकाळच्या निळ्या उजेडातलं असेल तर फेडच्या मध्यावर दोन्ही रंग एकमेकांना मारतात आणि चिखलासारखा करडा पट्टा दिसतो. मास्क कितीही मऊ केला तरी तो जात नाही, कारण दोष मास्कचा नाही. आधी दोन्ही फोटोंचा उजेड जवळ आणा. खालच्या फोटोवर कलर बॅलन्सची ॲडजस्टमेंट लेयर टाका, ऑल्ट धरून दोन लेयरच्या मधल्या रेघेवर क्लिक करा म्हणजे ती फक्त त्याच फोटोला लागू होईल, आणि थोडा पिवळा, थोडा लाल वाढवा. वरच्या फोटोला तसंच थोडं निळ्याकडे न्या. दोघांना अर्ध्या वाटेवर भेटवायचं. एकालाच पूर्ण ओढत नेलं तर पाणी तरी खोटं दिसतं किंवा माणसाची कातडी.

दारूकामाचा फोटो

होम मैदानावरच्या दारूकामाला मास्कच्या आधी ब्लेंड मोड लागतो, म्हणजे लेयर खालच्या चित्रात कशी मिसळायची ते ठरवणारा पर्याय. फोटो सगळ्यांत वर ठेवून लेयरचा मोड स्क्रीन करा. या मोडमध्ये काळा भाग नाहीसा होतो आणि उजेड तेवढा खालच्या चित्रावर चढतो. पण रात्रीच्या फोटोत आकाश पूर्ण काळं नसतं, धुरानं करडं झालेलं असतं, म्हणून फोटोचा चौकोन फिकट दिसत राहतो. फोटोच्या छोट्या चित्रावर क्लिक करा, कंट्रोल आणि एल दाबून लेव्हल्स उघडा आणि डावीकडचा काळा त्रिकोण आत सरकवा. धूर काळा झाला की चौकोन जातो.

मग मास्क. इथं चारही कडा विरवायच्या आहेत. पांढऱ्यापासून काळ्याकडे जाणारा ग्रेडियंट दुसऱ्यांदा ओढला की पहिला पुसला जातो, एका बाजूचा फेड करताना दुसरीचा नाहीसा होतो. यासाठी ग्रेडियंटच्या यादीतला पुढच्या रंगापासून पारदर्शकाकडे जाणारा प्रकार घ्या, पुढचा रंग काळा ठेवा, आणि प्रत्येक कडेपासून आतल्या दिशेनं एकेकदा ओढा. तो आधीच्या कामावर भर घालतो, पुसत नाही. एवढी एक युक्ती मला आधी कळली असती तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

मंदिराच्या फोटोतलं आकाश उजळ असेल तर दारूकाम उठणारच नाही. अशा वेळी ते न घातलेलं बरं.

लांब फेडमधले पट्टे

चार इंचांच्या फेडमध्ये १,२०० पिक्सेलांवर २५६ पायऱ्या पसरतात, एक पायरी पाचेक पिक्सेलांची. ती डोळ्याला दिसत नाही. पण कुणी म्हणालं की पूर्ण शीटभर आकाश हळूहळू गडद होत जाऊ दे, तर १०,८०० पिक्सेल आणि तेवढ्याच पायऱ्या, म्हणजे एक पायरी ४२ पिक्सेलांची, कागदावर साडेतीन मिलिमीटर. शिवाय दोन्ही टोकांच्या रंगांत फरक फक्त ६० छटांचा असेल तर प्रत्यक्ष पायऱ्या ६०च पडतात आणि एकेक पट्टा १८० पिक्सेलांचा, दीड सेंटीमीटर रुंद होतो. गुळगुळीत आकाशात तो साफ दिसतो. गर्दीत, पानांत, पाण्याच्या लहरींत लपून जातो.

डिथरची खूण इथं कामाला येते. ती दोन छटांच्या सीमेवर पिक्सेल मिसळून टाकते. मागावरही हेच घडतं: दोनच रंगांचे धागे असतात, पण कमीजास्त प्रमाणात वर आणले की लांबून मधला तिसरा रंग दिसतो. तेवढ्यानं भागलं नाही तर सगळ्या लेयरच्या वर ५० टक्के करड्या रंगाची लेयर घ्या, मोड ओव्हरले करा आणि तिच्यावर ॲड नॉइज फिल्टर २ टक्क्यांपर्यंत चालवा. पट्टे तुटतात.

तपासणी

ऑल्ट धरून मास्कच्या चौकोनावर क्लिक केलं की पूर्ण स्क्रीनवर फक्त मास्क दिसतो. ब्रशचे डाग, राहून गेलेले करडे ठिपके, कडेशी अपुरा काळा, सगळं इथं उघडं पडतं. शिफ्ट धरून क्लिक केलं की मास्क तात्पुरता बंद होतो आणि मूळ फोटो समोर येतो. फेड एकंदरीत कडक वाटला तर प्रॉपर्टीज पॅनेलमधलं फेदर, म्हणजे मास्कच्या कडेचा मऊपणा, वाढवा, ते कधीही परत शून्यावर नेता येतं. फोटो सरकवताना मास्क जागेवर राहायला हवा असेल तर दोघांमधल्या साखळीच्या खुणेवर क्लिक करून ती काढा.

शेवटी झूम १० टक्क्यांवर आणून चार पावलं मागं उभं राहून बघा. नजर जिथं अडखळेल तिथं काम बाकी आहे.

फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी घ्या, ते पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची लेयरसकट फाईल, उघडतं आणि वर सांगितलेलं जवळजवळ सगळं तसंच चालतं. गिम्प फुकट आहे आणि चांगलं आहे. त्यात लेयरवर उजवं क्लिक करून ॲड लेयर मास्क निवडायचं आणि पांढरा पर्याय घ्यायचा. तिथं डी दाबल्यावर पुढचा रंग काळा येतो, म्हणून एक्स दाबून उलटा करा. गिम्पची एक गोष्ट मला फार आवडते: ग्रेडियंट ओढल्यावर एंटर दाबेपर्यंत त्याची दोन्ही टोकं पकडून सरकवता येतात, पुन्हा पुन्हा ओढावं लागत नाही.

काम झालं की पीएसडी, किंवा गिम्पमध्ये एक्ससीएफ, आधी जपून ठेवा. जेपीईजीमध्ये लेयर राहत नाहीत, ती फक्त छपाईची प्रत. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये आणि दुसऱ्या डिस्कवरही. आणि पूर्ण शीट छापायला देण्याआधी फेडचा भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच धरून ६ × १२ इंचांची एक पट्टी कापून तेवढीच छापून आणा. ती घेऊन दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात उभे राहा. २० इंचांवरची रेघ असेल तर ती तिथं दिसेल, आणि ती काढायला मास्कवर काळ्या ब्रशचा एकच हात पुरेल.